बाळसें न धरणारीं मुलें

तान्ह्या मुलाच्या प्रकृतीचें सर्वांत जुनें माप म्हणजे त्याचें बाळसें. वैद्यकाचीं यंत्रें निर्माण होण्यापूर्वीं शेंकडों वर्षें घरोघरच्या आया आणि आज्या हेंच माप वापरीत आल्या; आणि मूल अंगीं लागत नाहीं हें त्यांच्या ध्यानांत येण्यास तराजूची गरज कधींच पडली नाहीं. युरोपांतील जुन्या लोकसमजुतींत अशा कांहीं दुर्दैवी मुलांची एक विलक्षण खूण सांगितलेली आढळते. ज्या मुलाच्या कपाळाचें चुंबन घेतां ओठांना खारट चव लागते, तें मूल फार दिवस जगावयाचें नाहीं, असें तेथील लोक समजत. ही समजूत केवळ भोळेपणाची नव्हती. तिच्यामागें एक खरा रोग दडलेला होता, आणि त्याला स्वतंत्र नांव मिळण्यास विसाव्या शतकाचें चौथें दशक उजाडावें लागलें. त्या रोगाचें नांव सिस्टिक फायब्रोसिस. या रोगानें पछाडलेल्या तान्ह्या मुलांना काय खाऊं घालावें, किंबहुना काय खाऊं घालूं नये, या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. कारण त्यांत अज्ञानापेक्षां अर्धवट ज्ञानानेंच अधिक हानि केलेली दिसते.

हा रोग संसर्गजन्य नव्हे. तो आनुवंशिक आहे. माता व पिता या दोघांच्याहि ठिकाणीं त्याचें सदोष बीज सुप्तावस्थेंत असेल तरच तो मुलाच्या वांट्यास येतो, आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. आईबाप स्वतः निरोगी असल्यामुळें ही आपत्ति घरावर कसलीहि पूर्वसूचना न देतां कोसळते. शरीरांतील निरनिराळ्या ग्रंथींचे व श्वासनलिकांचे जे स्राव स्वभावतः पातळ असावयाचे, ते या रोगांत घट्ट व चिकट होतात. फुप्फुसांत कफ सांचून तेथें जंतूंचें ठाणें पडतें. आणि जठराच्या मागें असलेल्या स्वादुपिंडाच्या बारीक नळ्या तुंबून त्याचा पाचक रस आंतड्यांत पोंचेनासा होतो. दुधांतील स्निग्धांश पचविण्याचें मुख्य काम याच रसांतील लायपेझ नांवाचें द्रव्य करीत असतें. तें न मिळाल्यास मूल अधाशासारखें दूध पितें, परंतु त्या दुधांतील साय जणुं तशीच मळावाटे निघून जाते. मळ पुष्कळ, तेलकट आणि अतिशय दुर्गंधीयुक्त होतो. पोट नगाऱ्यासारखें फुगतें. हातपाय मात्र काड्यांसारखे राहतात. सर्वच रोग्यांची अशी अवस्था होत नाहीं. तथापि शेंकडा सुमारें ८५ ते ९० जणांचें स्वादुपिंड निकामी होतें, आणि तेंहि बहुधा आयुष्याच्या पहिल्याच वर्षांत.

या रोगाच्या खुणा जुन्या कागदपत्रांत तुरळक सांपडतात. १५९५ सालीं हॉलंडमधील लायडन येथें पीटर पॉ या शारीरशास्त्रज्ञानें अकरा वर्षांच्या एका मुलीचें शवविच्छेदन केलें. त्या मुलीवर चेटूक झालें आहे असा लोकांचा ग्रह होता. पॉ याला मात्र तिचें स्वादुपिंड सुजलेलें, कठीण व पांढरेंफटक आढळलें. रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०५ सालीं, जन्मतःच आंतडें तुंबलेल्या अर्भकांच्या स्वादुपिंडांतील विकृतीचें वर्णन केलें. १९३६ सालीं स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञ ग्विडो फँकोनी यांनीं स्वादुपिंड आणि फुप्फुसें यांचे विकार एकाच मुलांत जोडीनें येतात हें दाखविलें. परंतु हे सर्व सुटे मणी होते. त्यांत दोरा ओंवण्याचें काम न्यूयॉर्कमधील एका विदुषीनें केलें.

डॉ. डोरोथी अँडरसन यांचा जन्म १९०१ सालीं अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत झाला. १९२६ सालीं वैद्यकीय पदवी मिळविल्यावर शस्त्रवैद्य होण्याची त्यांची इच्छा होती. परंतु स्त्रियांना ती वाट त्या काळीं जवळजवळ बंदच असल्यामुळें त्या रोगविकृतिशास्त्राकडे वळल्या आणि न्यूयॉर्क येथील बेबीज हॉस्पिटलमध्यें काम करूं लागल्या. जीं मुलें वाढत नाहींत आणि ज्यांचा मळ तेलकट असतो, त्या सर्वांची गणना त्या वेळीं ‘सीलिअ‍ॅक’ या एकाच नांवाखालीं होत असे. अशाच एका मुलाच्या शवविच्छेदनांत डॉ. अँडरसन यांना आंतड्याऐवजीं स्वादुपिंडच बिघडलेलें दिसलें. त्यांनीं जुनीं दप्तरें धुंडाळलीं, इतर ठिकाणच्या नोंदी मिळविल्या, आणि १९३८ सालीं ४९ मुलांची हकीकत एकत्र करून हा सीलिअ‍ॅकहून निराळा असा स्वतंत्र रोग आहे हें सिद्ध केलें. त्यांतील बहुतेक मुलें आयुष्याचें पहिलें वर्षहि ओलांडूं शकलीं नव्हतीं.

नांव निराळें झालें. आहार मात्र जुन्या घरचाच राहिला. सीलिअ‍ॅकच्या मुलांना स्निग्ध पदार्थ तोडण्याची व केळ्यांसारख्या मोजक्या पदार्थांवर ठेवण्याची पद्धति तेव्हां रूढ होती. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनीं १९२४ पासून केळ्यांचा आहार प्रसिद्धीस आणला होता, आणि त्या रोगांतील खरा अपराधी गहूं आहे हें डच डॉक्टर विलेम डिके यांनीं सिद्ध करावयाचें होतें. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांनाहि मग तोच न्याय लागू झाला. भरपूर प्रथिनें, शक्य तितका कमी स्निग्धांश, जोडीला जीवनसत्त्वें, आणि डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली पँक्रिअ‍ॅटिन नांवाची भुकटी, असा त्या उपचाराचा सांगाडा होता. दुधावरची साय काढावी, लोणी टाळावें, अंड्याचा बलक जपून द्यावा, असा उपदेश रुग्णालयांतून आयांना मिळूं लागला.

या उपदेशामागील तर्क वरवर पाहतां निर्दोष वाटतो. जें पचत नाहीं तें देऊं नये, हें तर घरगुती शहाणपणाचें पहिलें सूत्र आहे. शिवाय त्याचा गुण तत्काळ दिसे. स्निग्धांश कमी केला कीं मळ कमी होई, दुर्गंधि ओसरे, पोटांतील कळा थांबत. आईला हायसें वाटे व डॉक्टरांना उपचार लागू पडला असें वाटे. परंतु मळ सुधारणें म्हणजे मूल सुधारणें नव्हे, हा भेद या तर्कांत निसटला होता.

तो भेद तान्ह्या मुलाच्या बाबतींत किती मोलाचा आहे हें थोड्या हिशेबानें कळून येईल. निरोगी मूल पांचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवेळच्या वजनाच्या दुप्पट होतें आणि वर्षअखेर तिप्पट. आयुष्यांत पुन्हां कधींहि माणूस इतक्या वेगानें वाढत नाहीं. या वाढीसाठीं निसर्गानें जी शिदोरी दिली आहे ती आईच्या दुधाची. आणि त्या दुधांतून मिळणाऱ्या उष्मांकांपैकीं जवळजवळ निम्मे स्निग्धांशांतून येतात. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन सुमारें ४ उष्मांक देतें, तर एक ग्रॅम स्निग्धांश ९ देतो. लहानशा जठरांत मावेल एवढ्याच अन्नांतून मोठी शक्ति मिळवावयाची, तर स्निग्धांशासारखा दुसरा उपाय नाहीं. अ, ड, ई आणि के हीं जीवनसत्त्वें स्निग्धांशाच्याच वाहनावर बसून शरीरांत शिरतात. कांहीं मेदाम्लें तर शरीराला स्वतः तयारच करतां येत नाहींत, हें बर् दांपत्यानें १९२९ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखवून दिलें होतें. आणि या रोगांतील मुलांची गरज तर निरोगी मुलांहूनहि अधिक; कारण फुप्फुसांतील जंतूंशीं चाललेला अखंड झगडा आणि श्वासोच्छ्वासाचे श्रम यांतच त्यांची बरीचशी शक्ति खर्ची पडते. ज्याचा खर्च मोठा व ज्याच्या तिजोरीला गळती, त्याची मिळकतच कमी करावी, असा तो उपचार होता.

मग तो सुमारें पस्तीस वर्षें टिकला कसा? यांतील डॉक्टर निष्काळजी नव्हते. उलट या मुलांसाठीं त्यांनीं जिवाचें रान केलें. परंतु त्याच काळांत दुसरे उपाय यशस्वी होत होते. पेनिसिलिन आलें, आणि १९४६ सालीं डॉ. अँडरसन व डॉ. पॉल दि सांत’ अ‍ॅन्येझे यांनीं या मुलांच्या फुप्फुसांच्या विकारांवरील त्याच्या उपयोगाचा अनुभव प्रसिद्ध केला. १९४८ सालच्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कमध्यें भयंकर उकाडा झाला, तेव्हां या रोगाचीं मुलें विशेषेंकरून मूर्च्छित होऊन पडूं लागलीं. त्या धाग्यावरून पुढें जाऊन दि सांत’ अ‍ॅन्येझे यांनीं १९५३ सालीं या मुलांच्या घामांत मीठ फाजील असतें हें दाखविलें, आणि जुन्या लोकसमजुतींतील खारट चुंबनाचा उलगडा झाला. निदान लवकर होऊं लागलें, औषधें सुधारलीं, मुलें थोडीं अधिक जगूं लागलीं. एकंदर उपचाराला यश येत असतां त्यांतील एकच भाग उलटा चालला आहे अशी शंका येणें कठीण असतें. मुलें खुजीं व रोड राहत. परंतु तें रोगाचेंच लक्षण म्हणून मान्य झालें होतें. उपासमारीचा परिणाम रोगाच्या खातीं जमा होत होता.

हा हिशेब उलटविण्याचें धैर्य कॅनडांतील टोरांटो शहरीं झालें. तेथील मुलांच्या रुग्णालयांत सिस्टिक फायब्रोसिसच्या विभागाचे प्रमुख डॉ. डग्लस क्रोझियर यांनीं १९७० च्या सुमारास निराळाच मार्ग धरला. स्निग्धांश तोडण्याऐवजीं तो भरपूर द्यावा, सायीसकट दूध व लोणी खुशाल खाऊं द्यावें, आणि तें पचविण्यासाठीं स्वादुपिंडाच्या अर्काच्या गोळ्यांची मात्रा सढळ हातानें वाढवावी, असें त्यांचें म्हणणें होतें. १९७४ सालीं त्यांनीं आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि त्या लेखाच्या मथळ्यांतच या रोगाला ‘तितकासा प्राणघातक नसलेला’ असें म्हटलें. ज्या रोगाचें नांव काढतांच आईबापांचा धीर सुटे, त्याच्याविषयींचे हे शब्द पुष्कळांना धाडसाचे वाटले असतील.

क्रोझियर यांच्या मार्गांतील मर्म साध्या अंकगणितानें समजावून घेतां येतें. समजा, एखादें मूल खाल्लेल्या स्निग्धांशांपैकीं निम्मा वायां घालवितें. त्याला दिवसाकांठीं २० ग्रॅम दिले तर १० ग्रॅम वायां जातील आणि १० अंगीं लागतील. त्यालाच ८० ग्रॅम दिले तर ४० वायां जातील खरे, परंतु ४० अंगीं लागतील. मळाकडे पाहणारा म्हणेल कीं रोग चौपट वाढला. मुलाकडे पाहणारा म्हणेल कीं पोषण चौपट झालें. पाचक गोळ्यांनीं वायां जाणारा भाग घटला, तर लाभ त्याहूनहि मोठा. जुन्या उपचारानें बाहेर काय पडतें तें मोजलें. नव्यानें आंत काय राहतें तें मोजलें.

या मताची कसोटी १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत लागली. मेरी कोरी व त्यांचे सहकारी यांनीं टोरांटो आणि अमेरिकेंतील बोस्टन या दोन शहरांतील रोग्यांच्या १९८२ पर्यंतच्या नोंदी शेजारींशेजारीं मांडल्या. दोन्हीं ठिकाणचे विभाग नामांकित, प्रत्येकीं सुमारें पांचशें रोगी, त्यांचीं सरासरी वयें जवळजवळ सारखीं आणि उपचारहि बव्हंशीं सारखे. मुख्य भेद आहाराचा. बोस्टनमध्यें रूढ पद्धतीचा कमी स्निग्धांशाचा आहार होता, तर टोरांटोमध्यें विपुल स्निग्धांशाचा. टोरांटोचे रोगी उंचीनें अधिक भरले. फुप्फुसांची कार्यक्षमता दोहोंकडे बहुतांशीं सारखीच आढळली. परंतु आयुर्मानाचा मध्य बोस्टनमध्यें २१ वर्षें, तर टोरांटोमध्यें ३० वर्षें निघाला.

ही तुलना म्हणजे प्रयोगशाळेंतील काटेकोर प्रयोग नव्हे. दोन शहरांत आहाराखेरीज इतरहि बारीकसारीक भेद असूं शकतात, आणि सर्व श्रेय लोण्याच्या गोळ्याला देणें शास्त्राला धरून होणार नाहीं. तरीपण ज्या आहाराला धोकादायक मानलें जात होतें, तो घेणारीं मुलें मेलीं नाहींत, उलट अधिक वाढलीं व अधिक जगलीं, एवढें निःसंशय दिसून आलें. आणि जुन्या पथ्याचा पाया ढासळण्यास तेवढें पुरेसें होतें.

तोंपर्यंत पाचक औषधांतहि सुधारणा झाली होती. लायपेझ हें द्रव्य जठरांतील आम्लानें नष्ट होतें. म्हणून जुन्या भुकटीचा बराच भाग वाटेंतच फुकट जाई. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या द्रव्याच्या बारीक दाण्यांवर आम्लानें न विरघळणारें कवच चढविण्याची युक्ति निघाली. दाणे जठरांतून सुखरूप पार होऊन आंतड्यांत विरघळूं लागले, आणि मूठमूठ गोळ्यांचें काम थोडक्यांत भागूं लागलें. परंतु येथेंहि अतिरेकाला शिक्षा झाली. अतितीव्र औषधांच्या मोठ्या मात्रा घेतलेल्या मुलांत मोठें आंतडें जाड होऊन अरुंद झाल्याचीं उदाहरणें १९९४ सालीं लिव्हरपूलच्या डॉक्टरांनीं जाहीर केलीं. त्यानंतर शरीराच्या दर किलो वजनामागें दिवसाकांठीं लायपेझचीं १०,००० एककें ही कमाल मर्यादा ठरली. अर्भकांना दर स्तनपानाच्या वेळीं २,००० ते ४,००० एककें, थोड्याशा सफरचंदाच्या पातळ गरांत मिसळून देतात.

आहाराची दिशा ठरली. आतां प्रश्न उरला वेळेचा. मूल खंगून गेल्यावर निदान झालें, तर गमावलेले महिने परत आणतां येतात काय? न्यूझीलंडमधील जेनेट क्रॉसली व त्यांचे सहकारी यांनीं १९७९ सालीं नवजात अर्भकाच्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबावरून हा रोग ओळखण्याची पद्धति शोधून काढली. तिची परीक्षा पाहण्यासाठीं १९८५ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत डॉ. फिलिप फॅरेल यांनीं मोठा प्रयोग आरंभिला. अर्भकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडले. एका गटांतील निकाल तत्काळ कळविले; दुसऱ्या गटांतील निकाल, आईबापांनीं स्वतः विचारणा न केल्यास, मूल चार वर्षांचें होईपर्यंत मिटून ठेवले. लवकर ओळखलेल्या मुलांचें वजन, उंची व डोक्याचा घेर हीं निदानाच्या वेळीं सरस होतीं, आणि वाढींतील तो लाभ पुढेंहि टिकून राहिला, असें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. उशिरां निदान झालेल्या मुलांनाहि पुढें तोच आहार व तींच औषधें मिळालीं होतीं; तरी आरंभींची उणीव पुरी भरून निघाली नाहीं. पुढें अनेक देशांनीं व अमेरिकेंतील सर्व संस्थानांनीं ही तपासणी सुरू केली. २०१३ सालच्या एका अभ्यासांत, चौथ्या वर्षीं ज्यांचें वजन चांगलें भरलें होतें त्या मुलांची उंची व फुप्फुसांची शक्ति पुढेंहि सरस राहिली, आणि अठराव्या वर्षापर्यंत जगणाऱ्यांचें प्रमाणहि त्यांच्यांत अधिक आढळलें. बाळसें हें केवळ रूपाचें लेणें नसून तें फुप्फुसांचें भांडवल आहे, हें त्यावरून स्पष्ट झालें.

भारतांत हा रोग फार काळ युरोपीय वंशाच्या लोकांपुरताच मानला जात असे. अतिसार, कुपोषण, क्षय आणि वारंवार होणारा न्यूमोनिया यांच्या गर्दींत त्याचीं लक्षणें सहज लपून जात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणीं घामाची परीक्षा होऊं लागल्यावर तो येथेंहि आहे हें पुढें आलें. आणि निदान होईपर्यंत पुष्कळ मुलें कमालीचीं खंगलेलीं असतात हेंहि दिसून आलें. भूक चांगली, दूध भरपूर, तरी मूल अंगीं लागत नाहीं, मळ तेलकट व खोकला हटत नाहीं, अशा वेळीं दुधांत पाणी घालून तें हलकें करण्यापूर्वीं तज्ज्ञाचा सल्ला घेणें इष्ट, एवढा बोध कोणत्याहि घराला उपयोगी पडण्यासारखा आहे.

१९८९ सालीं याच टोरांटो शहरांतील लॅप-ची त्सुई व जॅक रियोर्डन आणि अमेरिकेंतील फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या पथकांनीं या रोगाचें सदोष बीज शोधून काढलें. त्या शोधाच्या आधारें २०१२ आणि २०१९ सालीं अमेरिकेंत मान्य झालेल्या औषधांनीं, ज्यांना तीं लागू पडतात अशा रोग्यांचें आयुष्य पालटून टाकलें. आतां कांहीं मोठ्या रोग्यांत फाजील वजनाचीच काळजी करण्याची पाळी आली आहे, आणि स्निग्धान्न हात राखून द्यावें असा विचार डॉक्टर पुन्हां करूं लागले आहेत. यांत विसंगति नाहीं. कमी स्निग्धांशाचा नियम चुकला तो स्निग्धांशाविषयींच्या मताबद्दल नव्हे, तर मुलाकडे न पाहतां नियमाकडे पाहिल्याबद्दल. आणि भरपूर स्निग्धांशाचा नियमहि डोळे मिटून पाळला तर तसाच चुकेल. क्रोझियर यांनीं केलें तें इतकेंच कीं, मूल वाढतें आहे कीं नाहीं हा आज्यांचा जुना प्रश्न त्यांनीं पुन्हां रुग्णालयांत आणला आणि त्याच्या उत्तराप्रमाणें पथ्य बदललें.